कार्ड पाठवावं की ठेवावं

चाळिशी ओलांडलेल्या बाईने चित्रांची कार्डं जमवावीत, हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही. मोहोपाड्याच्या कंपनीत लॅबमध्ये लागले, तेव्हा पहिल्या पगारातून मी मुंबईच्या एका दुकानातून जपानी कार्टूनच्या कार्डांचं सीलबंद पाकीट आणलं होतं. त्यात एक चमकणारा ड्रॅगन निघाला. तो मी लगेच पातळ पिशवीत सरकवला आणि नंतर उघड्या बोटाने कधी शिवले नाही. वीस वर्षांनी त्याला भाव येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आला.

आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला. कार्ड जसं आहे तसं विकायला काढलं की घेणारा दहा खुसपटं काढतो. कोपरा दबलाय, छपाई मधोमध नाही, अस्सल आहे कशावरून? तेच अमेरिकेला पाठवलं तर तिथले तपासनीस भिंगाखाली बघतात, दहापैकी नंबर देतात आणि कडक डबीत कायमचं बंद करतात. नंबर चांगला आला तर किंमत कितीतरी पट. पण फी आपली, वाटेतली जोखीम आपली आणि कमी नंबर आला तर तो कपाळावर जन्मभर. न पाठवावं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं करत मी वर्ष काढलं. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचा माल पास-नापास करते मी, पण स्वतःच्या एका कार्डाचा निकाल लावायची हिंमत होईना.

खरं सांगायचं तर भीती नुसत्या पैशाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी चौक गावाजवळची आमची जमीन विकायची ठरली, तेव्हा मी खालापूरला जाऊन दादासाठी हक्कसोडपत्रावर सही केली. सगळ्या बहिणी भावासाठी करतात, मीही केली. सही कुठे करायची ते वडिलांनीच बोट ठेवून दाखवलं. त्यानंतर माझं एकटीचं म्हणावं असं घरात ते कार्ड तेवढं उरलं होतं.

एका रविवारी वडिलांनी विचारलं, "काय बघतीस गं रोज ते काढून?"

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "पक्क्या प्लास्टिकात बंद करून घ्यायचंय. मग किंमत वाढते. पण ठरत नाहीये माझं." तपासणी, नंबर, अमेरिका हे सगळं त्यांना समजावत बसायचा मला कंटाळा आला.

मंगळवारी मी पहिल्या पाळीला होते. वडील कसल्याशा दाखल्यासाठी खालापूरला गेले, ते माझ्या कपाटातलं कार्ड घेऊनच. तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सची दुकानं आहेत. सातबारा, आधार, रेशनकार्ड, आमच्याकडे जे जे मोलाचं ते तिथूनच लॅमिनेशन होऊन येतं. मी घरी आले तेव्हा त्यांनी स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. गरम यंत्रातून गेल्यामुळे चमकता थर सुरकुतला होता. ड्रॅगनच्या पंखावर हवेचा फुगा धरला होता.

"तुला येळ नाय, म्हणून मीच करून आणलं," ते म्हणाले. "दुकानदाराला बोललो, जाडवालं लाव. ती ढिली पिशवी व्हती ना, ती टाकून दिली."

लॅमिनेशन निघत नाही हे मला ठाऊक होतं, तरी उभ्या उभ्या मोबाईलवर शोधलं. निघत नाही. आता अमेरिकेतले त्याला शून्यसुद्धा देणार नव्हते, तसंच परत पाठवलं असतं. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कुणावर? अर्धवट सांगितलं होतं ते मीच. आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू पहिल्यांदाच माझ्यासाठी काही करून आले होते.

"वाढली का गं किंमत?"

"वाढली," मी म्हटलं. "खूप वाढली."

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मंग दादाला सांगू नको. नायतर हितं पण सही मागंल तुझी."

मी नाही सांगणार म्हटलं.