सेवकाची सही

कवडू कोतवाल चिडतो, असं गावात आजवर कोणी म्हटलं नव्हतं. रोहण्याच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात बावीस वर्षं तो तलाठ्याच्या हाताखाली होता. दवंडी द्यायची, नोटिसा पोचवायच्या, साहेबांची गाडी आली की पुढे चालायचं. बाप ख्रिस्ती झाला तेव्हा कवडू चार वर्षांचा होता. नाव तेच राहिलं. अधिकार देवाकडून येतो, म्हणून अधिकाऱ्याचं ऐकावं, ही शिकवण त्याला लहानपणापासून पाठ. नोकरीत तेवढी पुरत आली होती.

यंदा मार्चमध्ये गायरानावरच्या सहा झोपड्या पाडल्या. नोटीस पंधरा दिवस आधी लागायला हवी होती. कवडूच्या हातात ती त्याच दिवशी सकाळी पडली. त्यातल्या म्हाताऱ्या अनुसयाबाईच्या दाराला तो ती चिकटवत होता, तोवर जेसीबी येऊन उभा. म्हातारीचं पीठ, अंथरुणं, नातीचं दप्तर, सगळं मातीत गेलं. कवडू बाजूला उभा राहून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तलाठ्यानं कागद पुढे सरकवला. नोटीस पंधरा दिवसांपूर्वीच लावली, असं त्यावर लिहिलेलं. खाली कवडूच्या सहीची जागा. कवडूनं पेन उचललं नाही. तलाठी म्हणाला, वरून आलंय, उद्यापर्यंत विचार कर.

कवडू तडक पुंडलिकराव पाळकांकडे गेला. मंडळीत, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांत, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, सत्ताधारी हा देवाचा सेवक असतो, त्याच्याविरुद्ध जाणं म्हणजे देवाविरुद्ध जाणं. सही कर आणि प्रार्थना कर. प्रार्थनाघराच्या जागेचं प्रकरण अजून तालुक्यात अडकलंय, हेही त्यांनी जाता जाता सुचवलं.

ते ऐकलं आणि कवडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाळकसाहेब, मी बी सेवकच हाये ना," तो म्हणाला. "मालकानं सांगतलंच नाई, ते त्याच्या नावावर खपवलं, तर त्याले सेवक नाई म्हणत, चोर म्हणतात. ही खोटी तारीख देवानं लिहायले सांगतली काय?"

विश्वासी माणसाला राग शोभत नाही, असं पाळक म्हणाले. कवडू प्रार्थना न करताच उठला. असं पहिल्यांदाच घडलं.

घरी रीतानं, त्याच्या बायकोनं, नोकरी जाईल एवढंच म्हटलं आणि कोरा कागद काढून दिला. नोटीस कधी मिळाली, कधी लावली, जेसीबी किती वाजता आला, ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि तालुक्याला जाऊन मोठ्या साहेबांच्या कचेरीत दिलं. शिक्का मारलेली प्रत मागून घेतली.

आठवड्यात तो निलंबित झाला. पाळकांनी त्याच्या घरी येणं सोडलं. अनुसयाबाई सडकेच्या कडेला पाल ठोकून राहत होती. कवडूनं तिला ती प्रत वाचून दाखवली. ऐकून तिनं विचारलं,

"हेच त्या दिवशी मशीनपुढं काऊन नाई बोलला?"

 तलाठ्यावरचा, पाळकांवरचा कवडूचा राग एका क्षणात स्वतःवरच उलटला, आणि तो अजून उतरलेला नाही.

नोटिशीच्या तारखेची चौकशी पुढच्या महिन्यात आहे. अनुसयाबाई साक्षीला येणार आहे. कवडूशी मात्र ती बोलत नाही.