डोळे मिटून ऐकलेले धडे

बायको गेली आणि तिच्या कामांची वाटणी झाली. देवपूजा सुनेकडे, भाजी मुलाकडे, आणि दर शुक्रवारी शाळेत जाऊन पोरांचं वाचन ऐकणं माझ्याकडे. मी दुसरी नापास माणूस. अक्षरं तोंडओळखीची, पण बोलाचाली नाही. मुलाला तसं स्पष्ट सांगितलं, तर म्हणाला, "बाबा, वाचायचं पोरांनी. तुम्ही फक्त ऐकायचं."

खरं कारण होतं नात. दुसरीत आहे. आजी असताना घडाघडा वाचायची. आजी गेल्यापासून पुस्तक उघडलं की तोंड बंद. मुलाने चॉकलेट दिलं, मी दम दिला. ढिम्म. तिच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही येऊन तर बघा. तुमच्यापुढे वाचेल कदाचित."

गेलो. अंबरनाथला आमच्या चाळीपासून दोन गल्ल्यांवर शाळा. बाकं इतकी बुटकी, की बसलो तर गुडघे कानाशी. उठलो तर बाक माझ्याबरोबर उठलं. पोरं हसून हसून पडली.

माझ्या वाट्याला पाच पोरं आली, त्यातली एक नात. आता ऐकायचं कसं, याची मला एकच रीत ठाऊक. श्रावणात बायको पोथी वाचायची आणि मी भिंतीला टेकून, डोळे मिटून मान डोलवायचो. चाळीस वर्षं केलेलं काम. तेच इथे सुरू केलं. जो मोठ्यांदा वाचेल, न अडखळता वाचेल, त्याला शाब्बास. एका रिक्षावाल्याची पोरगी तर अशी सुटायची, की एका दमात धडा खलास. "हो गया आजोबा!" बाकीच्यांना मी सांगायचो, शिका जरा हिच्याकडून.

नात टोकाला पुस्तक मिटून बसायची. असे तीन शुक्रवार गेले. घरी जाताना विचारायचो, "का गं, मूग गिळलेस काय?" ती रस्त्यातले खडे लाथाडत चालायची. पुढे काय बोलावं ते मलाही सुचायचं नाही. घरात बोलायचं खातं आमच्या हिचं होतं.

चौथ्या शुक्रवारी रिक्षावाल्याच्या पोरीने कासवाचा धडा फाडफाड संपवला. मी म्हटलं, "शाब्बास गं वाघिणी!"

तशी नात किंचाळली, "आबा, डोळे उघड ना! ती वाचत नाहीये, पाठ म्हणतेय! पुस्तक बघ तिचं!"

बघितलं. पानावर आंबेवाली बसलेली. कासवाचा पत्ता नाही.

"दर वेळी असंच करते. आणि तू तिलाच शाब्बास देतोस!"

"याद है तो पढ़ने का कायको?" ती पोरगी म्हणाली. मला मनातून पटलं.

"मग तू आधी सांगायचंस," मी नातीला म्हणालो.

"तू झोपला होतास!"

"झोपलो नव्हतो. ऐकत होतो."

"घोरत होता, आजोबा," बाकीची तिघं एका सुरात म्हणाली.

नातीने ते पुस्तक माझ्यापुढे ओढलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. "असं वाचतात. इकडे बघ. डोळे मिटलेस तर याद राख."

आणि वाचायला लागली. आवाज बारीक, पण वाचत होती. बाई फळ्यापाशी खडू धरून तशाच उभ्या राहिल्या. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

चौथ्या ओळीला ती अडली. माझ्याकडे बघायला लागली. शब्द चांगला लांबलचक होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

"मला येत नाही," मी म्हणालो. माझा आवाज मुळात मोठा, सगळ्या वर्गाने ऐकलं.

"आजोबांना येत नाही! आजोबांना येत नाही!"

नातीने त्यांच्याकडे असं बघितलं, की सगळे गप्प. मग मला म्हणाली, "असू दे. दोघं मिळून काढू." बोट सरकवलं. "बा... जा... र..."

"बाजार!" मी म्हणालो.

"थांब रे, घाई करू नको. अजून पुढे आहे. पे... ठे... त."

शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. मीही उठायला गेलो, तर तिने माझी बाही धरून खाली बसवलं. धडा अजून अर्धा राहिला होता.