बाई, माझ्या पायाला हात नका लावू

आमच्या घरात बायको आयटीत आणि मी कांद्यात. म्हणजे इथे परदेशात, पेंडल हिलला स्टेशनजवळ एक इंडियन दुकान आहे, त्याच्या मागच्या किचनमध्ये मी वडे-सामोसे तळतो. शाळेने मला दहावीतच हात जोडले, त्यामुळे व्हिसा बायकोच्या डोक्यावर मिळाला आणि मी तिच्या सामानाबरोबर आलो.

पोरगी हायस्कूलला. तिला स्कीइंगचं वेड. गेल्या वर्षी बर्फावर गेलो तेव्हा मी तिथेच भाड्याने बूट घेतले. नंबर एकने मोठा, आत लोकरीचे दोन-दोन मोजे. आमच्याकडे बूट असेच घेतात, जरा ऐसपैस. पाय आत फिरत होता रिकाम्या डब्यातल्या लाडवासारखा. मी उजवीकडे वळायचो, पायाखालच्या स्की सरळच जायच्या. पोरगी दिवसभर मला उचलत राहिली, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टने वर जायला तिला एकदाही मिळालं नाही. परत येताना गाडीत कानात हेडफोन घालून बसली. ओरडली असती तर बरं.

यंदा म्हणाली, "बाबा, धिस टाइम प्रॉपर बूट्स. नाहीतर तू आईबरोबर कॅफेत बस."

कॅफेत बसायला माझी काय ना असणार? पण "तू येऊच नकोस" म्हणायच्या ती किती जवळ आलीय, ते मला कळलं. अजून थोड्या दिवसांनी मैत्रिणींबरोबर जाईल. मग बापाला विचारतंय कोण!

म्हणून तिघं स्कीच्या दुकानात गेलो. तिथे बूट बसवून द्यायला एक बाई होत्या. केस सगळे पिकलेले, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पँट वर करायला लावली, आणि सरळ माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून माझं पाऊल दोन्ही हातांत घेतलं.

मी पाय मागे ओढला.

"टिकलिश, मेट?" गुदगुल्या होतात का, असं बाईंनी विचारलं.

"नो, नो!" म्हणत मी घाईघाईने हात जोडून वाकलो. त्यांचं डोकं तिथेच होतं. टक्कर झाली.

कपाळ चोळत त्यांनी निदान केलं. पाय पुढून रुंद, आणि पोटरी जाड, तीही खाली उतरलेली. त्यामुळे बुटाचं वरचं तोंड मोठं लागणार.

"याचं सगळंच खाली उतरलंय," बायको म्हणाली. "मी लग्नापासून बघतेय."

पहिला जोड चढवला. बाईंनी विचारलं, कसा वाटतोय? मी म्हणालो, परफेक्ट. दुसऱ्यात करंगळी चेंगरली, म्हणालो परफेक्ट. तिसऱ्यात घोटा जायबंदी झाला, तेव्हा व्हेरी परफेक्ट. कारण मी 'दुखतंय' म्हटलं की त्या परत खाली वाकणार आणि माझा पाय धरणार! माझ्या आईला कळलं असतं तर तिने फोनवरूनच कानफटात दिली असती.

"ही इज लाइंग," पोरगी बाईंना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चालून दाखव."

मी चाललो. डोळ्यांत पाणी आलं, पण हसत होतो.

"लास्ट इयरसारखंच करायचंय का तुला?"

आता मात्र मला राहवेना. हळूच सांगितलं, "अगं, आजीच्या वयाच्या आहेत त्या. माझ्या पायाला हात लावतात, मला लाज वाटते."

तिने ते बाईंना सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं. मग दुसरं स्टूल ओढून त्यावर बसल्या आणि पोरीला म्हणाल्या, "राइट, डार्लिंग. तू बस खाली. मी सांगते तसं कर."

दिवाळीला नमस्कार कर म्हटलं की ही माझ्या गुडघ्यापाशी हवेत हात फिरवते. ती आता कार्पेटवर मांडी घालून माझा पाय धरून बसली.

"ईऽ, बाबा! कांद्याचा वास!"

"पायाला?"

"एव्हरीव्हेअर!"

बुटाच्या आतली गादी काढून नुसत्या कडक कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे थोडीच जागा उरायला हवी, तिने बोट घालून बघितली. मग गादी परत, आणि मोजा एकच, पातळ.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"कुठे?"

मग माझं तोंड सुटलं. करंगळी, घोटा, पोटरी, सगळ्यांच्या तक्रारी केल्या. बाईंनी समजावलं, ताठ उभं राहिलं की बोटं टेकणारच. गुडघे पुढे वाकव. वाकवले, आणि बोटं आपोआप मागे सरकली. टाच जागची हलली नाही. करंगळीपाशी तेवढं कवच बाईंनी तापवून फुगवून दिलं.

बर्फावर मी पडलो नाही असं नाही. पण आता पडायचो ते माझ्या अकलेने, आणि उठायचोही माझा मीच. लिफ्टने वर दोघं बरोबर गेलो. खाली ती केव्हाच पोचली आणि फोन धरून माझं शूटिंग करत उभी.

"किती स्लो आहेस, बाबा!"

"बूट नवीन आहेत गं."

"बूट्स आर फाइन. प्रॉब्लेम वरती आहे."

एवढं बोलून ती लिफ्टच्या रांगेकडे सटकली. मला वाटलं, सुटलो, आता कॅफेत जावं. तेवढ्यात तिने मागे वळून बघितलं.

"अरे, येतोस ना? लाइन वाढतेय!"