आईची गोष्ट त्यांच्या ॲपवर

केळीच्या वखारीत मी कॉम्प्युटरवर बिलं करते. त्या दिवशी छोटे मालक मोबाईल घेऊन आले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागले. माझं लिहिलेलं. माझ्या नावासकट.

"'माझ्या आईनं त्या घरातलं पोर पहिल्यांदा हातात घेतलं. नाळ कापली. मग तिला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि ती बसली होती तिथं गोमूत्र शिंपडलं.'" वाचून हसले. "क्या बात है, बड़ी लेखिका हो गई तू तो."

आई सुईण. ते पोर म्हणजे हेच छोटे मालक. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. हमाल खाली मान घालून उभे. राग यायला पाहिजे होता. आली लाज.

हे मी आमच्या बायांच्या गटापुरतं लिहिलं होतं. आमचं सोशल नेटवर्क कोण्या एका कंपनीचं नाही. जो तो गट आपापला सर्व्हर चालवतो, एकमेकांशी जोडून घेतो. आमचा जळगावची एक ताई सांभाळते. 'माझं लिखाण शोधात घेऊ नये' अशी खूण मी केलेली. आणि आईला विचारूनच लिहिलं होतं. ती म्हणाली होती, "आपल्या बायाइले सांग. बस."

पुण्याच्या कोण्या पोरानं ॲप बनवलं. सगळ्या सर्व्हरवरचं उचललं आणि कुणालाही शोधता येईल असं मांडलं. ती खूण बघितलीच नाही. मालकांना तिथंच सापडलं. मी माझ्याकडचं पुसलं, त्याच्याकडचं तसंच राहिलं.

त्याला लिहिलं. फार गोड उत्तर आलं. "ताई, तुमचं दार उघडंच होतं. आम्ही तर तुमचा आवाज मोठा केला. काढायचं असेल तर ॲपवर खातं उघडा, अटी मान्य करा, मग विनंती टाका."

अटी वाचल्या. यापुढचं माझं सगळं लिखाण त्यांचं. माझ्याशी जोडलेल्या बायांचंही. म्हणजे नाही म्हणायला आधी हो म्हणायचं. वा रे न्याय.

आईला सांगावंच लागलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"तुले मी सांगितलं. त्याले कोनं सांगितलं?"

आता ती नदीवर, राजघाटावर बायांत बसत नाही. मी घरात आले की कूस बदलते. 'अटी मान्य'चं एक बटण दाबलं असतं तर तिची गोष्ट निघाली असती. बाकीच्या बाया मात्र त्याच्या हवाली झाल्या असत्या. या वेळीही मी तिलाच विचारलं.

"नको दाबू," भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "त्या बायाइनं काय बिघडवलं आपलं?"

मी पुण्याच्या पोराला लिहिलं. खातं उघडणार नाही. अटी मान्य नाहीत. माझ्या आईची गोष्ट काढ. त्याचं उत्तर नाही. गोष्ट अजून तिथंच आहे, कोणीही वाचावी अशी, आणि मला काही करता येत नाही. रोज सकाळी वखार उघडायच्या आधी त्याच तीन ओळी परत पाठवते. काढेल की नाही, त्याच्या हातात. माझा होकार त्याला मिळणार नाही.