गडग्यावर बसलेले साहेब

गेल्या रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलात ‘ग्रामीण वारसा भिंती’चं उद्घाटन झालं. काँक्रीटवर दगडाच्या चकत्या चिकटवल्या आहेत. जवळ गेलं की गोंदाचा वास येतो. फीत कापणाऱ्यांनी सेल्फी काढले.

मला मानपाड्याजवळचा मामाचा गडगा आठवला. चुना-सिमेंट न वापरता आजोबांनी दगडावर दगड बसवून रचलेला. उन्हात तो तापायचा, फटींतून सरडे डोकावायचे. मामाच्या जमिनीची हद्द दाखवणारं दुसरं काही नव्हतं. रस्त्याच्या पाहणीला आलेले साहेब दमले, त्याच गडग्यावर बसले आणि मांडीवर फॉर्म घेऊन लिहू लागले.

“यात सिमेंट नाही, मामा. भिंत म्हणून लिहिता येत नाही.”

“मग साहेब, तुम्ही बसलात कशावर?”

साहेब हसले. उठले नाहीत. मामीकडे पाणी मागितलं, प्यायले आणि पुढे लिहीत राहिले.

तेव्हा मला मामाचं बोलणं विनोद वाटलं. आज कळतं, ती हरकत होती. फॉर्मवर तिला रकाना नव्हता. नोंद झाली ती ‘इतस्ततः पडलेले दगड’ अशी. महिन्याभरात दगड ट्रकने गेले. हद्द नव्याने ठरली, ती मामाच्या विहिरीच्या अलीकडे. विहीर रस्त्यात गेली.