‘करून राहिलो’ म्हणजे काय

“काका, आधी शुद्ध मराठी शिका. मग संशोधनावर बोला.”

हे वाक्य मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ऐकले. नागपुरातल्या एका व्यवस्थापन संस्थेच्या सभागृहात. बोलणारे संस्थेचे संचालक. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. समोर प्राध्यापक होते, दोन बँक अधिकारी होते आणि बुटीबोरीच्या एका खासगी औद्योगिक संकुलाच्या गाळेवाटप समितीचे सदस्य होते. सगळे हसले. मोठ्याने नाही. सभ्य माणसे हसतात तेवढेच.

मी उभा होतो. बसलो.

बसलो, हे लिहिलेच पाहिजे. ते वगळले तर पुढच्या लिहिण्याला अर्थ नाही.

मी एवढेच म्हणालो होतो : “सर, सारणी क्रमांक सात चुकली आहे. ‘करून राहिलो’ म्हणजे बंद नव्हे. ‘करून राहिलो’ म्हणजे चालू.”

अभ्यासाचा विषय मोठा होता. उदयोन्मुख बाजारपेठांतील पहिल्या पिढीचे उद्योजक आणि त्यांची चिकाटी. निबंध परदेशी नियतकालिकात जाणार होता. त्याचाच मराठी अहवाल गाळेवाटप समितीला मिळणार होता. बुटीबोरीच्या नव्या संकुलात काही गाळे पहिल्या पिढीच्या उद्योजकांसाठी राखून ठेवावेत की नाही, हे समिती त्या अहवालावरून ठरवणार होती.

पहिली पिढी म्हणजे कोण, ते अहवालात लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरज नव्हती. ज्यांच्या बापाचा कारखाना नव्हता, आज्याचे दुकान नव्हते, ते. बहुतेक आमच्या वस्त्यांतले.

मी एम.कॉम. आहे. याच संस्थेत तीस वर्षे क्षेत्रकाम केले. प्रश्नावल्या घेऊन कारखान्यांचे दरवाजे ठोठावले. माझ्या माहितीवर किती जण डॉक्टर झाले, ते मी मोजलेले नाही. संस्थेत प्राध्यापकांना सर म्हणतात. गाडीच्या चालकाला आणि मला काका म्हणतात. निवृत्तीनंतर या अभ्यासासाठी मला पुन्हा बोलावले, कारण हिंगण्यातले लहान कारखानदार अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात.

माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी एकच नियम शिकवला. उत्तर जसेच्या तसे लिहा. शब्द बदलू नका. समोरचा जे बोलला, ती माहिती. तुम्हाला जे वाटले, ती माहिती नव्हे.

त्यांनी जसेच्या तसे लिहिले. ‘मी धंदा करून राहिलो.’ ‘आमी तिघं भाऊ चालवून राहिलो.’ ते कागद दुसऱ्या शहरात गेले. तिथे बसलेल्या लोकांनी प्रत्येक उत्तराला आकडा दिला. चालू असेल तर एक, बंद असेल तर दोन. ‘करून राहिलो’ त्यांनी वाचले आणि अर्थ लावला : धंदा केला आणि राहिलो. मागे पडलो. थांबलो. आकडा दोन.

चूक थोडी माझीही होती. सोबत एक टीप जोडायला हवी होती. मला वाटले, कागद नागपूरच्या संस्थेतच तपासले जातील आणि तिथे ‘करून राहिलो’चा अर्थ सांगावा लागणार नाही.

अहवालाचा मसुदा हाती आला, तेव्हा मी सारणी पाहिली. जे कारखाने मी महिन्याभरापूर्वी चालू पाहिले होते, ते मेलेले होते. खाली निष्कर्ष : पहिल्या पिढीच्या उद्योजकांत चिकाटीचा अभाव आढळतो. त्याखाली शिफारस : गाळे अनुभवी उद्योजक कुटुंबांना देणे श्रेयस्कर.

त्या मेलेल्यांत शालूताईंचा कारखाना होता. मी मोटारसायकल काढली आणि हिंगण्याला गेलो.

शालूताई पुठ्ठ्याचे खोके बनवतात. पत्र्याची शेड, तीन यंत्रे, चार बायका. जागा पुरत नाही म्हणून त्यांनी बुटीबोरीच्या गाळ्यासाठी अर्ज केला होता. मी दारात उभा राहून म्हणालो, “शालूताई, कागदावर तुमचा कारखाना बंद झाला.”

त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला नाही.

“मंग हा आवाज कोनाचा येऊन राहिला गा भाऊ?”

यंत्रावरची बाई हसली. म्हणाली, “आपन भूत आहो वं ताई. भुताले बोनस नाही लागत.”

शालूताई हसल्या नाहीत. “म्या तं सांगतलं होतं त्या पोरीले. दहा वर्सांपासून खोके बनवून राहिली, म्हनून. तिनं लिहून बी घेतलं.”

“लिहून घेतलं, तेच वाचलं त्यांनी.”

“मंग काहून बंद केला?”

सभेत बोलतो, असे म्हणालो. सभेत बोललो. त्याचे काय झाले, ते वर लिहिले आहे.

चौथीत असताना गुरुजींनी विचारले होते, पुस्तक कुठे? मी म्हणालो, मले नाही भेटलं. गुरुजींनी ‘मले’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि वर्गाला हसायला सांगितले. वर्गाने आज्ञा पाळली. त्या दिवसापासून मी घराबाहेर ‘मले’ म्हटले नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली याच शहरात दीक्षा घेतली आणि त्यानंतर कोणापुढे मान झुकवली नाही. मी मान ताठ ठेवली. जीभ झुकवली. साठ वर्षे. पुस्तकी मराठी इतकी घोटली की पहिल्या भेटीत लोक माझे आडनाव चुकीचे ओळखत. त्याचा मला अभिमान वाटे. आज लाज वाटते.

आणि एवढे करूनही संचालकांनी मला शुद्ध मराठी शिकायला सांगितले. म्हणजे प्रश्न माझ्या मराठीचा कधीच नव्हता.

सभेत चहाची सुटी झाली. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो. संचालक पाठमोरे फोनवर बोलत होते. त्यांचे घर महालात, नागपूरच्या जुन्या वस्तीत. वडील वकील, आजोबा वकील. स्वतः परदेशात शिकून आलेले. आवाज खाली आणलेला, मऊ.

“हो वं आई, येऊन राहिलो. तू जेवून घे.”

मी ऐकले. पुन्हा मनात म्हणून पाहिले. येऊन राहिलो.

तोवर मी त्यांना अडाणी समजत होतो. अडाण्याला क्षमा असते. या माणसाला अर्थ ठाऊक होता. आईच्या तोंडून शिकलेला होता. तो अर्थ त्याने घरी ठेवला आणि संस्थेत येताना दार लावून घेतले. त्या दाराबाहेर शालूताईंचा कारखाना बंद पडला.

सुटीनंतर त्यांनी मला दालनात बोलावले. टेबलावर एक कागद होता. क्षेत्रकाम माझ्या देखरेखीखाली झाले व सारण्यांतील माहिती मला मान्य आहे, असे प्रमाणपत्र. खाली माझ्या सहीची जागा.

“सही करा, काका. औपचारिकता आहे.”

मी विचारले, “‘येऊन राहिलो’ म्हणजे काय, सर?”

“म्हणजे?”

“मघाशी आईंना म्हणालात. येऊन राहिलो. तुम्ही येऊन थांबलात, की येत आहात?”

त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, “ते घरचं बोलणं आहे. संशोधनाची भाषा वेगळी असते.”

“म्हणजे तुमचं येणं चालू, आणि शालूताईंचा कारखाना बंद.”

“सारणी परीक्षकांनी पाहिली आहे.”

“मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आहे. ऐका. एक दिवस लागेल.”

“वेळ नाही.” त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले. “तुमच्या लोकांचं हेच होतं. काम शेवटाला आलं, की भावनेवर जाता.”

तुमच्या लोकांचं.

मी पेनाला टोपण लावले. कागद फिरवून त्यांच्या बाजूला ठेवला.

“मले सही नाही कराची,” मी म्हणालो.

तीस वर्षांत त्या इमारतीत मी पहिल्यांदा ‘मले’ म्हणालो. आवाज चढला नाही. चढवण्याची गरज नव्हती.

अहवाल माझ्या सहीशिवाय गेला. माझे नाव काढले. त्या जागी एक ओळ आली : क्षेत्रकामात स्थानिक व्यक्तींचे सहकार्य लाभले. सारणी क्रमांक सात होती तशीच राहिली. मी समितीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पुढच्या महिन्यात गाळ्यांची यादी लागली. शालूताईंचे नाव नव्हते.

मी स्वतः जाऊन सांगितले. शालूताईंनी यंत्र बंद केले नाही. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, “तुमी सही नाही केली म्हनता. बरं केलं. पन त्यानं माहा गाळा तं नाही आला ना, भाऊ.”

खरे होते. नकार देऊन मी स्वतःपुरता उभा राहिलो होतो. त्यांच्या हाती काही पडले नव्हते.

“तुमाले लिहिता येते,” त्या म्हणाल्या. “मंग बसले काहून?”

ध्वनिमुद्रणे संस्थेच्या ताब्यात आहेत. म्हणून मी पहिल्या दारापासून पुन्हा सुरुवात केली. सारणीत मेलेल्या प्रत्येक कारखान्यात जातो. यंत्र चालू असताना उभा राहतो. माणूस जे बोलतो, ते लिहितो, त्यालाच वाचून दाखवतो आणि त्याची सही घेतो. तपासणाऱ्याची सही मी करतो. कोणाच्याही वाक्याची शुद्धी होणार नाही. यातून होणारा माझा निबंध समितीकडे जाईल. ज्या नियतकालिकात ती सारणी छापून येईल, त्याच्या संपादकाकडे जाईल. परत आला, तर पुन्हा जाईल. पुढच्या गाळेवाटपाला मी शालूताईंच्या शेजारी उभा असेन आणि हातात हा निबंध असेल.

पहिल्या पानावर शालूताईंचे वाक्य आहे : ‘दहा वर्सांपासून खोके बनवून राहिली.’ जसेच्या तसे. खाली अर्थ दिलेला नाही. या वेळी टीप मी मुद्दाम जोडलेली नाही.

कोणी विचारले, या वयात काय करता, तर सांगतो : मी लिहून राहिलो. ज्याला अर्थ कळत नसेल, त्याने घरी जाऊन आपल्या आईला विचारावे.