गंगव्वाच्या किटलीमागोमाग

आधी गंगव्वाचं नाव लिहितो, मग बाकीचं. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी. लिहिताना पुढचं मागं होतं, आणि नेमकं हेच नाव राहून जायचं. सोलापुरात हातभट्टीचा गुत्ता चालवणाऱ्या या बाईने मला दारू सोडलेल्यांच्या बैठकीत नेऊन बसवलं. आता कसं ते सांगतो.

साल पंच्याहत्तर, म्हणजे यंदाचंच. मी वेंगुर्ल्याचा, पण जेऊरजवळ एका कंत्राटदाराच्या कामावर स्वयंपाकी आहे. माझ्या पिण्यापायी बायको, सुमती, माहेरी निघून गेली होती. तिचं शेवटचं कार्ड आलं : "त्या बैठकीत बसाल तेव्हाच पत्र टाका. आधी टाकलंत तर न वाचता चुलीत." बैठकीचा पत्ता कुर्डुवाडीच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. रविवारी, चार वाजता. दाराला पाटी नाही, आणि कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही, असा तिथला रिवाज.

दारू सोडल्याच्या अकराव्या दिवशी सोलापूरला उतरलो. ऊन असं, की आमच्याकडची बांगड्यांची पाटी फलाटावर ठेवली असती तर संध्याकाळी सुकी मासळी म्हणून विकता आली असती. हात कापत होते म्हणून आधी जेवून घेतलं. कडक भाकरी (पापडासारखी मोडते), दही आणि शेंगा चटणी (भुईमुगाच्या दाण्यांची, कुटताना तेल सुटलेली). चव अशी की भान राहिलं नाही, आणि बोटं पुसली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीला! शाई दह्यात गेली. वाचता येत होतं ते एवढंच : 'चार वाजता' आणि 'घाबरू नका'.

पानवाल्याला हळूच विचारलं, "इथं दारू सोडलेली माणसं कुठं जमतात हो?"

"सोडलेली?" तो ओरडलाच. "ओ शेट, आपल्या गल्लीत कुनी दारू सोडली का?"

शेट दुकानातून डोकावले. "गप की! दारूबंदी खात्याचा दिसतोय. खाकी प्यांट बग त्याची."

धडाधड दोन दारं लागली.

तीन वाजून गेले. आजचा रविवार हुकला तर अकराचे बारा दिवस होतील याची मला खात्री नव्हती. लिंबाखाली बसून डोकं चालवलं, आणि जे सुचलं ते शहाण्या माणसाला सुचलं नसतं. दारू सोडणारा आधी कुठंतरी पीत असणार. आपलं गिऱ्हाईक कुठं गेलं हे दुकानदाराइतकं कुणाला ठाऊक? गुत्ता सापडायला पाच मिनिटं लागली. पाटी त्यालाही नव्हती.

दाराला पडदा म्हणून जुनी चादर. ती सारली आणि वास आला. पाय आपले आपण आत! उन्हासाठी आणलेल्या छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला. समोर पाटावर जाडजूड बाई, कपाळभर कुंकू.

"मावशी, मला प्यायची नाही."

"मग हितं काय आरतीला आलास?"

सगळं सांगितलं, चिठ्ठी दाखवली. तिने ती हुंगली. "शेंगा चटणी. आन् दही."

कोपऱ्यातलं एक गिऱ्हाईक कळवळलं. "गंगव्वा, लई कापतोय गं. हे घे रं बाबा, माझ्याकडनं." त्याने गिलास पुढे केला. माझा एक हात छत्रीवरून सुटला, खोटं कशाला सांगू. गंगव्वाने त्या गिलासावर पंजा उपडा टाकला.

"त्याला न्हाय. तम्मा (कानडीत धाकटा भाऊ), ऊठ. कपबशा उचल. मला च्या न्यायचाच हाय तितं."

ती पुढे किटली घेऊन, मी मागे टोपली घेऊन. उंबऱ्याउंबऱ्यावर बायका विड्या वळत होत्या. एकीने विचारलं, "गंगव्वा, नवा गडी ठिवलास व्हय?"

"दारू सोडाय चाललाय."

"मंग तुझं गिऱ्हाईक गं?"

"मला लई हायत. तू इडी वळ."

म्हणजे बैठक साऱ्या गल्लीला माहीत होती. फक्त खाकी प्यांटीला सांगत नव्हते.

बैठक एका विणकराच्या खोलीत. अर्धी खोली हातमागाची, उरलेल्या अर्धीत आठ पुरुष. शेवटी येणाऱ्याने मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, ही रीत. बसलो. एक टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "मी बसाप्पा. मी दारुडा हाय. तीन वर्सं घेतली न्हाय." मग किटलीकडे बोट केलं. "आन् ही माझी बायकू."

मी आ वासला. गंगव्वा चहा ओतत म्हणाली, "ह्यो पीत व्हता तवा पोरांना खायाला कोन घालनार? म्हनून धंदा काडला. आता ह्यो हितं, मी तितं."

माझी पाळी आली. उठायला जोर केला, तो पाय पडला मागाच्या पावडीवर (पायाने दाबायची फळी). खाडकन धागे वर उचलले गेले आणि धोटा (आडवा धागा नेणारा) उडून बसाप्पांच्या चहात!

"अवो, पाय काडा!" विणकर किंचाळला. "लुगडं डागलं तर बायकू मला खड्ड्यात घालंल!"

सगळे हसत सुटले. त्या गोंधळातच माझ्या तोंडून निघालं, "मी दारुडा आहे. अकरा दिवस झाले. मला बायकोला पत्र लिहायचंय."

हसणं थांबलं. कुणीतरी कप दिला. तो हातात कापायला लागला, तर बसाप्पांनी खालून बशी धरली.

परतीच्या गाडीत कार्ड लिहिलं आणि कुर्डुवाडीला पेटीत टाकलं : "सुमती, बसलो. पाय खड्ड्यात होते, पण बसलो." सोलापुरात काय पाहिलंस, असं गावाकडे विचारतील. किल्ला नाही, तळं नाही. गुत्त्यातून निघाल्यापासून एका किटलीवरून नजर हलवायची हिंमत झाली नाही.

निघताना गंगव्वाने बजावलं होतं, "परत माझ्या पडद्याआत दिसलास तर केरसुनी हाय."

"मग उपकार फेडू कसे?"

"बायकूला दाखवाय आन की."

तर मावशी, शब्द देतो. कधीतरी सुमतीला आणि आमसुलांचा डबा घेऊन येईन. त्या रविवारी किटली मी उचलणार, तुम्ही मोकळ्या हाताने पुढे चालायचं.